आमच्या दावणीचा ट्रॅक्टर

किस्से काही कुणी पेरत नाही. हरळीसारखे ते आपोआप माजतात, आणि उपटून फेकले तरी पुढच्या पावसाळ्यात बांधावर पुन्हा हजर! आमच्या घरी कुणी पाहुणा आला, चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलून झालं, की वहिनी हमखास म्हणते, "भाऊजी, ते ट्रॅक्टरचं सांगा की." मग मी सांगतो. वहिनी मधे मधे दुरुस्त्या करते, दादा "आसं काय झालंच न्हवतं" म्हणत राहतो, आणि पाहुण्याची एस.टी. चुकते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. शेवगाव तालुक्यात, काळ्या रानातलं आमचं गाव. घरात माणसं मोजकी. वडील, म्हणजे नाना. सगळा जन्म बैलांमागं गेलेला. माणसांपेक्षा बैलांशी जास्त बोलायचे आणि बैलांचं जास्त ऐकायचे. थोरला भाऊ दादा, तो शेती बघायचा. वहिनी दादाला बघायची. आणि मी, शेवगावच्या हायस्कुलात चित्रकलेचा शिक्षक. रोज लूनावर जाऊन-येऊन. वहिनी सोडली तर घरात मला सगळे "मास्तर" म्हणत. त्यात आदर किती आणि टिंगल किती, ते मला अजून कळलेलं नाही.

शिवाय घरात दोघे होते, ज्यांचा मान आम्हा सगळ्यांच्या वर. सर्ज्या आणि हरण्या. सर्ज्या डाव्या बाजूचा, हरण्या उजव्या. नानांचा एक दंडक होता. पोळ्याला जी जोड एका दोरीत वेशीतून गेली, ती पुढच्या पोळ्यापर्यंत फोडायची नाही. एकदा पाथर्डीकडचा एक बागायतदार एकट्या सर्ज्याला मागायला आला. म्हणाल ती किंमत द्यायला तयार! नानांनी त्याला पाणी दिलं, जेवू घातलं, पान लावून दिलं. मग त्याच्या पायांकडं बघत म्हणाले, "पावनं, तुमची एक व्हान इकता का मला?"

"एक वहाण? एक घेऊन काय करता?"

"त्येच म्हनतो मी."

पाहुणा हसत हसत गेला. हा दंडक दादाच्याही अंगात मुरलेला होता. दादा बारा वेळा देवाची शपथ घेऊन मोडेल, पण हे मोडणार नाही.

* * *

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात सर्ज्या गेला. वय झालं होतं; एका सकाळी उठलाच नाही. नानांनी त्याला बांधावरच्या लिंबाखाली पुरला. मी शाळेत फळ्यावर बैल काढायची वेळ आली की झाड काढून मोकळा व्हायचो.

आता हरण्याला जोड शोधायला हवी होती. एका बैलानं ना नांगर चालतो, ना पाभर. दादा म्हणाला, "नगरला चाललोय, जोड घिऊनच येतो." नाना खुलले. वहिनीनं नव्या बैलाला ओवाळायला ताट तयार ठेवलं. नानांनी भाकरीचा तुकडा हातात धरून सकाळपासून रस्त्याकडं डोळे लावले.

संध्याकाळी दादा आला तो ट्रॅक्टरवर बसून!

दादानं मोसंबीची बाग लावली होती. दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर नेला की फांद्या मोडायच्या. म्हणून त्यानं हा छोटा ट्रॅक्टर आणला होता. छोटा म्हणजे इतका छोटा, की दादा त्यावर बसला की ट्रॅक्टरपेक्षा दादाच जास्त दिसायचा. अर्धा गाव बघायला जमला. त्यात बापू सगळ्यात पुढं. बापू आमच्या सोसायटीचे चेअरमन, आणि गावातल्या प्रत्येक नव्या गोष्टीला नाव ठेवणं हे त्यांचं दुसरं पद. त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, रस्त्याकडं लांबवर बघितलं आणि विचारलं, "दादा, ह्याची आई कुठं ऱ्हायली?"

गाव हसून लोटपोट. दादा लालेलाल. सगळ्यांचे डोळे आता नानांवर. नाना उठून ट्रॅक्टरच्या तोंडाशी आले. मला वाटलं, आता स्फोट होणार!

नाना म्हणाले, "दात बघून घेतला का?"

"नाना, नवाकोरा हाय. शोरूममधनं आनलाय."

"म्हंजी आदत म्हन की." आदत म्हणजे अजून दुधाचे दात न पडलेला, कामाला कच्चा बैल. "मग उन्हात काय उभा केलास? सावलीत घे."

आणि त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा गपचूप हरण्याला दिला. ट्रॅक्टर गोठ्यात, हरण्याच्या डाव्या बाजूला, सर्ज्याच्या जागी उभा राहिला. दुसरीकडं कुठं छप्परच नव्हतं.

* * *

ट्रॅक्टरबरोबर एक पुस्तक आलं होतं, इंग्रजीत. घरात इंग्रजी येणारा मी एकटा, आणि मलाही ते जेमतेमच. तरी रात्रीची जेवणं झाली की ओट्यावर वाचन चालायचं. पहिल्या दिवशी तर वहिनीनं पोथी समजून सवयीनं उदबत्तीच लावली!

मी एकेक वाक्य वाचून मराठी करायचो. "नव्या इंजिनावर सुरुवातीला फार ओझं टाकू नये."

नाना मान हलवायचे. "बराबर. आदत हाय."

"कामाला नेण्याआधी रोज सकाळी पाणी बघावं."

"बराबर."

"दिवसभराच्या कामानंतर इंजिन एकदम बंद करू नये. थोडा वेळ हळू चालू ठेवून मग बंद करावं."

"मंग! दमून आल्याला बैल लगीच पान्यावं न्हेत न्हाईत. आदी जरा फिरवून आनायचा."

असं करत करत आम्ही शेवटच्या पानापर्यंत आलो. पुस्तक मिटल्यावर नाना समाधानानं म्हणाले, "मास्तर, ह्यो लिवनारा बैलवाला असनार!"

दादाला मात्र त्या पुस्तकातली एक गोष्ट अजिबात पटली नव्हती. सगळ्यात खालचा गिअर! तो गिअर टाकला की ट्रॅक्टर माणूस चालतो तितकाच चालायचा. लगीनघाईच्या दादाला ते सोसवेना. एकदा तो त्या गिअरात वेशीतून जात होता, आणि बापू पारावरून ओरडले, "दादा, बाजूला घे जरा! मागनं मुंग्या हॉर्न वाजवत्यात!"

नानांना मात्र तो गिअर फार आवडायचा. म्हणायचे, "एवढाच शानपना हाय त्याच्यात. बाकी सगळा माज."

* * *

या ट्रॅक्टरची एक खोड दादाला कधी पचलीच नाही. किल्ली काढली तरी इंजिन बंद व्हायचं नाही. किल्ली फक्त सुरू करायला. बंद करायचा तर सीटखालचा एक काळा दट्ट्या ओढायला लागायचा. दादानं आयुष्यात त्याआधी किल्लीवालं एकच वाहन चालवलेलं, ते म्हणजे माझी लूना. तिची किल्ली काढली की ती गप्प. त्यामुळं दादा रुबाबात किल्ली काढायचा, बोटावर फिरवायचा आणि चालायला लागायचा. मागं ट्रॅक्टर आपला ठकठक ठकठक!

एकदा सोसायटीची मीटिंग होती. दादा ट्रॅक्टर दारात लावून, किल्ली खिशात घालून, ऐटीत पहिल्या ओळीत जाऊन बसला. बापू अध्यक्षस्थानी. बापूंनी बोलायला तोंड उघडलं की बाहेर ठकठक. बापू थांबले की ठकठक जास्तच ऐकू यायची. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. दादा तर सगळ्यांत जास्त वैतागून मागं वळून वळून बघत होता, कुणाचा हा गाढवपणा म्हणून!

शेवटी बापूंनी हातातला कागद खाली ठेवला. "दादा, तुमचं पिल्लू भुकेलंय. जाऊन पाजून या. तवर आमी थांबतो."

तेव्हापासून दादा दट्ट्या लक्षात ठेवायला लागला. पण गडबडीत असला, नाही तर घाबरला, की अजूनही आधी किल्लीच काढतो.

* * *

बागेच्या मातीला मुरूम हवा होता, तो ओढ्यापलीकडून ट्रॉलीनं आणायचा ठरला. येताना ओढ्याचा चढ लागायचा. भरलेली ट्रॉली मागं ओढायला लागली की आमच्या छोट्याचं तोंड वर! पुढची चाकं जमिनीला टेकायलाच तयार नाहीत. स्टिअरिंग फिरवा नाही तर आरती ओवाळा, सारखंच. पुस्तकात लिहिलं होतं, पुढं वजन लावा. लोखंडी वजनं कंपनीची, ती नगरहून मागवायला लागणार होती.

दादानं इकडं तिकडं बघितलं. मग त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं.

माझी प्रकृती नोकरी लागल्यापासून भरली होती. पुढचा सगळा आठवडा शाळा सुटल्यावर मी ट्रॅक्टरच्या पुढच्या बंपरवर, दोन दिव्यांच्या मधे, पाय सोडून बसलेला. चढ आला की दादा ओरडायचा, "मास्तर, पुढं झुक!" मी झुकायचो. आणि खरंच, चाकं टेकायची!

एके दिवशी ओढ्याच्या वर आमचे हेडमास्तर स्कूटरवरून समोर आले. मी बंपरवर पूर्ण झुकलेला, टोपी मुरुमानं लाल झालेली. हेडमास्तरांनी स्कूटर थांबवली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"मास्तर, हे काय चाललंय?"

दादानंच उत्तर दिलं, "काय न्हाई सर, गाडीला वजन लागतं फुडं. बाकी मास्तरला काय काम न्हाई."

हेडमास्तर स्कूटरला किक मारत म्हणाले, "आमच्याकडंही तसंच आहे."

* * *

वहिनीचा किस्सा अगदी छोटा आहे, पण तो सांगितला नाही तर मला जेवण मिळत नाही.

शेवगावला वहिनीची बहीण राहायची. वहिनीनं तिच्यासाठी बरणीभर साईचं दही दादाजवळ दिलं. दादानं बरणी सीटमागं बांधली आणि निघाला. रस्ता आमच्याकडचा, ट्रॅक्टर तो असला. दादा स्वतःच पोचेपर्यंत अर्धा झाला होता. बहिणीनं बरणी उघडली तर वर लोण्याचा गोळा, खाली ताक!

दादाला वाटलं, आता घरी बोलणी खावी लागणार. घाबरत घाबरत सांगितलं. वहिनीनं ऐकून घेतलं, आत गेली, आणि घरातली दुसरी बरणी आणून त्याच्यासमोर ठेवली.

"आवो, मंग ही बी फिरवून आना की."

* * *

ट्रॅक्टरच्या पहिल्याच अमावस्येला घरात भांडण पेटलं. अमावस्येला आमच्याकडं बैल जुंपत नाहीत. बैलांची ती सुट्टी. दादा सकाळीच बागेत कुळवाची पाळी घालायला निघाला, तर नाना गोठ्याच्या दारात आडवे उभे.

"आज आवस हाय."

"नाना, ते लोखंड हाय!"

"मंग?"

"लोखंड दमतंय व्हय कुटं?"

"दमत न्हाई तर तुजा इळा बोथट कशानं व्हतो?"

दादानं माझ्याकडं बघितलं. शिकलेला माणूस म्हणून मी काहीतरी बोलावं अशी त्याची अपेक्षा होती. मी कुडात खोचलेला विळा काढून धार बघितली. खरंच बोथट झाला होता!

ट्रॅक्टरला सुट्टी मिळाली. आता दिवसभर रिकामा बसून दादा करणार काय? तो शेवगावहून रशीदभाई मेस्त्रीला घेऊन आला. रशीदभाईंनी ऑइल बदललं, फिल्टर साफ केला, नटबोल्ट आवळले. पुढच्या अमावस्येलाही तेच. तिसऱ्या वेळी तर रशीदभाई न बोलावताच आले! चहा पिताना म्हणाले, "नाना, इतक्या टायमावर सर्व्हिसिंग करनारं तालुक्यात तुमचं एकच घर. कंपनीवाल्यांचं बी एवढं लक्ष नसतं. कॅलेंडर लावलंय का?"

नाना आकाशाकडं बोट करून म्हणाले, "त्ये काय वर. आज दिसत न्हाई बगा."

* * *

नानांनी ट्रॅक्टर एकदाच चालवला. "काय आवगड हाय त्यात?" म्हणून स्वतःच चढून बसले. या ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल होते, डाव्या चाकाचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा. आम्ही दोघं भाऊ त्यात सारखे गोंधळायचो; एकच दाबला जायचा आणि गाडी जागच्या जागी गिरकी घ्यायची. नानांनी मात्र दोन मिनिटांत ओळखलं. "डाव्या हातचा कासरा वडला की डावीकडं, उजव्या हातचा वडला की उजवीकडं. ह्यात शिकायचं काय?"

आणि खरोखर नानांनी अंगणातून वळवून, गोठ्याला वळसा घालून, ट्रॅक्टर झोकात रस्त्याला आणला. आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात लक्षात आलं की नाना वळतायत छान, पण थांबायचं कसं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही! समोर आमचा उकिरडा. नानांनी दोन्ही पाय वर घेतले आणि आयुष्यभर ज्या आवाजात बैल थांबवले त्या आवाजात हाक दिली, "हो... हो... होऽऽ!"

ट्रॅक्टर उकिरड्यात नाकापर्यंत घुसला, दोन उचक्या दिल्या आणि बंद पडला.

आम्ही जीव मुठीत धरून धावलो. नाना शांतपणे खाली उतरले, धोतराचं शेण झटकलं, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर थाप मारली आणि म्हणाले, "आयकतंय की!"

* * *

आता हरण्याचं सांगायला हवं, कारण या सगळ्यात तो होताच.

पहिल्या दिवशी इंजिनाच्या आवाजानं त्यानं दावं तोडलं होतं. महिनाभरात उलटं झालं. सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला की हा उठून उभा राहायचा आणि मान खाली घालून उजव्या बाजूला सरकायचा, जू यायची वाट बघत. ट्रॅक्टर एकटाच निघून जायचा. हरण्या तसाच उभा. नाना त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहायचे. ते बघवायचं नाही, म्हणून मी त्या वेळी मुद्दाम लूना पुसायला बाहेर जायचो.

रात्री दोघं शेजारी-शेजारी. हरण्या ट्रॅक्टरला मान घासायचा. सर्ज्याला घासायचा तशीच. एका सकाळी दादानं बघितलं तर उजव्या बाजूचा हेडलाइट फुटलेला, काचा खाली, आणि हरण्या अगदी निरागस चेहऱ्यानं रवंथ करतोय!

दादानं आकाशपाताळ एक केलं. नाना म्हणाले, "खेळत्यात रं. एका दावनीचं हायेत."

पण दादाचं मन त्या दिवशी पक्कं झालं. वाईट नव्हता तो. त्याचा हिशेब सरळ होता. एका बैलाचं काम नाही, कडबा महाग, वैरणीची जागा बागेत गेलेली. आणि हरण्याचंही वय उतरलेलं. त्यानं बैलांच्या व्यापाऱ्याला, म्हणजे आमच्याकडं ज्याला हेडी म्हणतात त्याला, निरोप धाडला. म्हातारा बैल हेडी कुठं नेतो हे आमच्याकडं कुणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं.

हेडी आला, हरण्याला बघून गेला. इसार घेतला नव्हता, पण बोलणं झाल्यातच जमा. जेवताना दादानं खाली मान घालून नानांना सांगितलं, "पोळा होऊ द्या. पोळ्याची पुरनपोळी खाऊ द्या त्याला. मंग बगू."

वहिनीच्या तव्यावरची भाकरी करपली. मी नानांकडं बघितलं. मला वाटलं होतं, ते ताट सारतील, ओरडतील. नानांनी फक्त भाकरी मोडली आणि विचारलं, "पोळ्याला ट्रॅक्टर सजवनार का रं?"

दादाला हायसं वाटलं. "सजवनार म्हंजी! गावात पयला नंबर आपला!"

"सजव," नाना म्हणाले. "झ्याक सजव."

* * *

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. नानांनी हरण्याचे खांदे चोळले, म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." मग तसेच ट्रॅक्टरकडं वळले आणि त्याच्या दोन्ही मडगार्डना हळद-तूप चोळायला लागले.

"नाना, पेंट जाईल!" दादा कळवळला.

"जू यायच्या आदी खांदा चोळून ठिवावा लागतोय."

दादाला कळलं नाही. मलाही नाही.

पोळ्याच्या दिवशी दादानं हौसेला मोल ठेवलं नाही. झेंडूच्या माळा, रंगीत पताका, बोनेटवर बेगड, मागं टेपरेकॉर्डर. नवा हेडलाइटही बसवला होता. हरण्याला नानांनी ओढ्यावर धुवून आणला होता. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरांची माळ, पाठीवर झूल. ती जुन्या जोडीतली एक झूल होती. दुसरी त्यांनी घडी करून खांद्यावर टाकली होती. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू!

आमच्या गावची रीत अशी की वेशीतून आधी जोड्या जातात. एकटा बैल सगळ्यांत शेवटी. पन्नाशी उलटेपर्यंत आणि पुढंही नाना पहिल्या जोड्यांमधे चालले होते. त्या दिवशी ते हरण्याला घेऊन लांब मागं उभे. वेशीपाशी तोरण बांधलेलं, शेजारी बापू गुलाल घेऊन, आणि जरा बाजूला, लिंबाच्या सावलीत, हेडी. पोळ्याला हे लोक येतातच, बैल बघून ठेवायला.

दादाचा ट्रॅक्टर रांगेच्या कडेला सुरू होता. नाना हरण्याला घेऊन हळूहळू पुढं आले, ते ट्रॅक्टरच्या उजव्या बाजूला येऊन थांबले. खांद्यावरची झूल त्यांनी बोनेटवर पसरली. दादाला वाटलं, नानांना शेवटी ट्रॅक्टर आवडला! तो कौतुकानं वहिनीकडं बघून हसला. तेवढ्यात नानांनी कमरेची नवी दोरी काढली. एक टोक हरण्याच्या तोंडावरच्या मोरकीला बांधलं, दुसरं ट्रॅक्टरच्या पुढच्या हुकाला.

"सगळ्यात खालचा गिअर टाक," नाना म्हणाले.

दादानं टाकला. नानांनी जीभ टाळूला लावून टक्क आवाज केला, आणि हरण्या चालायला लागला. मान खाली, खांदा पुढं, ट्रॅक्टरच्या चाकाबरोबर पाऊल. ना तो पुढं, ना हा मागं. इतके महिने तो ज्याची वाट बघत उभा राहायचा, ते त्याला मिळालं होतं. पुढच्या जोडीवाल्यानं मागं बघितलं आणि न सांगता बाजूला सरकला. मग त्याच्या पुढचाही.

वेशीत बापू गुलालाची मूठ तशीच धरून उभे. त्यांनी दोघांभोवती एक चक्कर मारली, पण या वेळी नाव ठेवलं नाही. शेवटी म्हणाले, "नाना, नवी जोड कशी हाय?"

नानांनी दोघांकडं नीट बघून घेतलं. "बरी हाय. डावा जरा बोलतो लई."

तोरणाखालून दोघं गेले. गुलाल उडाला, हलगी कडाडली, वहिनीनं दोघांना ओवाळलं. पुरणपोळी हरण्यानं खाल्ली. ट्रॅक्टरची पोळी बोनेटवर ठेवली होती, तीही हरण्यानंच खाल्ली.

गर्दी जरा ओसरल्यावर हेडी पुढं आला. अदबीनं रामराम घातला. "नाना, दादांशी बोलनं झालंय. उद्याच्याला येतो मी हरन्याला न्यायला."

नाना दोरीची गाठ चाचपून बघत होते. वर न बघताच म्हणाले, "आमच्यात जोड फोडत न्हाईत, पावनं. न्यायची तर दोन्ही न्या."

हेडीनं दादाकडं बघितलं. बापूंनी बघितलं, वहिनीनं बघितलं, मीही बघितलं. दादा उंच सीटवर, गळ्यात झेंडूची माळ, एकदा वेशीच्या तोरणाकडं बघतोय, एकदा दोरीकडं. मग हेडीला "न्हाई जमायचं" म्हणत त्यानं घाईघाईनं किल्ली काढली आणि खिशात घातली.

डावा मात्र बोलतच होता.